टॉर्टॉइजशेलला मराठीत काय म्हणायचं? (आणि त्यात कासव नेमकं कुठे असतं?)

शब्दपेटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेले दोन महिने काही इंग्रजी कथांचं भाषांतर करतेय आणि एका शब्दापाशी अडले आहे: टॉर्टॉइजशेल.

कथेत एक म्हातारी बाई आहे. पहिल्या पानावर ती टॉर्टॉइजशेलच्या कंगव्यानं केस विंचरते. तिथे 'कासवाच्या कवचाचा कंगवा' असं लिहून मी पुढे गेले. चौथ्या पानावर तिच्या मांडीवर टॉर्टॉइजशेल येऊन बसतं. संदर्भावरून मांजर आहे हे कळलं, म्हणून 'ठिपक्याठिपक्यांची मांजर' केलं. घोळ झाला तो शेवटच्या पानावर. हिवाळा सरत आलाय, बाई दुखण्यातून उठून खिडकी उघडते आणि पडद्याच्या घडीत झोपलेलं टॉर्टॉइजशेल हलतं. मी लिहिलं, 'पडद्याच्या घडीत झोपलेली मांजर हलली.' पुढच्याच वाक्यात ते पंख उघडतं आणि उन्हात निघून जातं.

म्हणजे ते फुलपाखरू होतं. सगळी कथा त्या एका क्षणाकडे चाललेली आणि मी तिथे मांजर झोपवून ठेवली होती. वाक्य लगेच दुरुस्त केलं, पण शब्द डोक्यातून जात नाही. लेखिकेनं तिन्ही जागी तोच एक शब्द मुद्दाम ठेवलाय. मराठीत मी तीन वेगळे शब्द वापरले तर कथेतला धागाच तुटतो. एकच वापरायचा तर कोणता? आणि मुळात कंगवा, मांजर आणि फुलपाखरू यांना एका नावात बांधणारं असं काय आहे? ज्यांना यातलं काहीही ठाऊक असेल त्यांनी कृपया लिहा. थोडं विषयांतर झालं तरी चालेल.

रानवाट

फुलपाखरापुरतं सांगतो. ते बहुधा स्मॉल टॉर्टॉइजशेल असणार, शास्त्रीय नाव ॲग्लायस अर्टिसी. युरोपात अगदी ओळखीचं. कुंचलपाद कुळातलं.

लेखिकेनं निसर्ग अचूक टिपलाय. थंड प्रदेशातली बहुतेक फुलपाखरं अंडं, अळी किंवा कोष होऊन हिवाळा काढतात. हे मात्र पंखांसकट झोपतं. थंडी सुरू व्हायच्या आत झाडाची ढोली, माळा, गोठा, पडद्याची घडी असा आडोसा शोधतं आणि पंख मिटून घेतं. पंखांची खालची बाजू काळपट तपकिरी असते, वाळलं पान चिकटल्यासारखी, त्यामुळे महिनोन्‌महिने कुणाच्या नजरेस पडत नाही. उन्हाची ऊब लागली की जागं होतं. पडद्यातून निघणारं फुलपाखरू ही त्या भागातल्या वाचकासाठी ऋतू बदलल्याची खूण आहे.

त्याचं एक भावंड हिमालयात आहे, इंडियन टॉर्टॉइजशेल, ॲग्लायस काश्मिरेन्सिस. ते मी हातभर अंतरावरून पाहिलंय. तापलेल्या दगडावर पंख पसरून बसलं होतं. विटकरी नारिंगी रंग, पुढच्या कडेवर काळा आणि पिवळा चौकोन एकाआड एक, आणि पंखांच्या काठानं निळ्या चंद्रकोरींची बारीक ओळ. पंख मिटले तेव्हा तिथे फुलपाखरू आहे हे मला माहीत असूनही क्षणभर दिसेना. दोन्ही जातींच्या अळ्या बिच्छूबुटी या अंगाची आग करणाऱ्या झाडावर वाढतात, हिमालयात काही ठिकाणी तिला कंडाली म्हणतात. आपण जिथे बोट लावायला धजणार नाही तिथे या अळ्या झुंडीनं जाळं विणून राहतात. 'अर्टिसी' हे नावही त्याच झाडाच्या लॅटिन नावावरून आलंय. लिनियसनं १७५८ मध्ये दिलेलं.

ऊनसावली

शब्दपेटीताई, चौथ्या पानावरच्या 'ठिपक्याठिपक्यांची'ला माझी हरकत आहे. माझ्याकडे नऊ वर्षं टॉर्टॉइजशेल मांजर आहे. तिच्या अंगावर एकही ठिपका नाही.

आत्ता मांडीवर आहे, बघून लिहिते. नाकाच्या बरोब्बर मधून हद्द गेली आहे, डावीकडे काळं, उजवीकडे तांबूस. पुढच्या उजव्या पंजाच्या गाद्या बघितल्या तर काही काळ्या, काही गुलाबी, आणि एक अर्धी-अर्धी. पाठीवरून हात उलटा फिरवला की दिसतं की जो भाग लांबून नुसता काळा वाटतो त्यातही मधे मधे एकेक तांबूस केस आहे. डाग, पट्टे, ठिपके यातलं काहीच नाही. दोन रंगांची लोकर एकत्र पिंजली तर जसं होईल तसं.

आणखी एक. पांढऱ्यावर काळे आणि तांबडे मोठे डाग असतील तर तिला अमेरिकेत कॅलिको म्हणतात. ब्रिटनमध्ये तिलाच टॉर्टॉइजशेल अँड व्हाइट म्हणतात. लेखिका कुठली आहे त्यावर तुमची मांजर कशी दिसते हे ठरेल.

आणि ती मांजर 'ती'च हवी. बोका नको. या रंगाच्या जवळपास सगळ्या माद्याच असतात. का, ते इथे कुणीतरी नीट सांगेलच.

पेशीभर

मी सांगते, शिकवण्याचा विषयच हा आहे.

मांजरात काळं की तांबडं हे ठरवणारी जागा एक्स गुणसूत्रावर आहे. बोक्याकडे एक्स एकच, म्हणून तो काळा तरी किंवा तांबडा तरी. मादीकडे दोन. एकावर काळ्याची सूचना आणि दुसऱ्यावर तांबड्याची असेल तर काय व्हावं? दोन्हींचं मिश्रण होऊन सगळं अंग एकसारखं तपकिरी, असं वाटेल. तसं होत नाही. गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी आपल्या दोन एक्सपैकी एक बंद करून टाकते. कोणता, हे निव्वळ योगायोगानं ठरतं. पण एकदा ठरलं की त्या पेशीच्या सगळ्या लेकी-नातींमध्ये तोच बंद राहतो. म्हणजे अंगावरचा प्रत्येक काळा भाग एका जुन्या निर्णयाचा वंश आहे आणि प्रत्येक तांबडा भाग दुसऱ्या निर्णयाचा. ऊनसावली, तुमच्या मांजरीच्या नाकावरची हद्द ही तिच्या जन्माच्या कितीतरी आधी आखली गेली.

बंद झालेलं गुणसूत्र गुंडाळून पेशीत एका कडेला पडतं. ते पहिल्यांदा १९४९ मध्ये मरे बार आणि ईवर्ट बर्ट्रम यांना मांजराच्या चेतापेशींत दिसलं, म्हणून त्याला बार बॉडी म्हणतात. ते काय असावं याचा उलगडा १९६१ मध्ये मेरी लायन यांनी उंदरांच्या अंगरंगावरून केला. आपल्या शरीरातही, म्हणजे प्रत्येक बाईच्या शरीरात, हेच घडलेलं असतं. फक्त ते केसांवर असं उघड लिहिलेलं नसतं.

तांबड्याची नेमकी जागा मात्र अलीकडेच सापडली. २०२५ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठाच्या आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की तांबड्या मांजरांच्या एक्स गुणसूत्रावर डीएनएच्या सुमारे पाच हजार अक्षरांचा एक तुकडा गळालेला असतो. त्यामुळे जवळचं एक जनुक रंगपेशींत जास्त चालू राहतं आणि काळ्याऐवजी तांबडं रंगद्रव्य बनतं.

बोका असा होतच नाही असं नाही. साधारण तीन हजारांत एक. त्याच्याकडे बहुतेक वेळा दोन एक्स आणि एक वाय असतं आणि त्याला सहसा पिल्लं होत नाहीत.

पांढरं आलं की डाग मोठे का होतात, हेही सुंदर आहे. पांढऱ्याचं जनुक वेगळं. त्याच्यामुळे गर्भात रंगपेशी कमी पसरतात. थोड्या पेशींना मोठी जागा भरावी लागते, म्हणून प्रत्येकीचा वंश मोठं क्षेत्र व्यापतो आणि रंग सुटे सुटे दिसतात. पांढरं नसेल तर गर्दी होते आणि रंग एकमेकांत पिंजले जातात.

शब्दपेटी

ऊनसावली, पेशीभर, दोघींचे आभार. 'ठिपक्याठिपक्यांची' लगेच काढते. 'जुन्या निर्णयाचा वंश' हे वाचून मी बराच वेळ थांबले होते.

एक शंका. अशा मांजरीचा क्लोन केला तर तो तसाच दिसेल का?

पेशीभर

नाही, आणि हे करून पाहिलंय. २००१ च्या डिसेंबरात टेक्सास ए अँड एम विद्यापीठात पहिलं क्लोन मांजर जन्मलं, नाव सीसी. आई म्हणजे जिची पेशी घेतली ती रेनबो नावाची कॅलिको. सीसीच्या अंगावर तांबडा केसच नव्हता. जिच्यापासून क्लोन केला त्या एका पेशीत तांबड्याचा एक्स आधीच बंद होता आणि तो बंदच राहिला. नक्कल जनुकांची झाली, नक्षीची झाली नाही.

जुनंपुरं

कंगव्याबद्दल मी लिहितो. जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करतो आणि टॉर्टॉइजशेल असं लिहिलेले बरेच कंगवे, डब्या, चष्म्याच्या काड्या हातून गेल्या आहेत. त्यातल्या कितीतरी शिंगाच्या किंवा सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या प्लॅस्टिकच्या, निघतात.

खरा ओळखायचा तर भिंगाखाली धरावा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी चकित झालो होतो. नुसत्या डोळ्यांना मधाच्या रंगात काळपट ढग उतरल्यासारखं दिसतं. भिंगाखाली त्या ढगाला कडच सापडत नाही. तो विरघळून लालसर तपकिरी कणांचा होतो, जसे रांगोळीचे कण चिमटीतून सुटावेत. जिथे कण दाट तिथे काळं, जिथे विरळ तिथे तांबूस, जिथे नाहीतच तिथे नुसता पारदर्शक मध. प्लॅस्टिकमध्ये याच्या उलट असतं. दोन रंगांचे पाक एकत्र ओतल्यासारखे पट्टे वळलेले असतात आणि जवळ जाल तशी त्यांची कड जास्तच स्पष्ट होते. शिंगाला रंग वरून दिलेला असतो. घासलेल्या जागी तो निघून गेलेला दिसतो.

तापलेली सुई टोचून वास घ्यायची एक जुनी पद्धत आहे. खऱ्यातून जळक्या केसांचा वास येतो, सेल्युलॉइडमधून कापराचा. कृपया हे करू नका. वस्तूला कायमचं भोक पडतं, आणि सेल्युलॉइड भसकन पेट घेतं. अंगठ्यानं चोळून गरम केलं तरी सेल्युलॉइडमधून कापराचा वास येतो, तेवढं पुरे.

जळक्या केसांचा वास का, तर ते केराटिन आहे. आपली नखं, केस आणि हे, एकाच जातीचे पदार्थ. पेशीभरताई, म्हणजे मांजरीचा केस आणि कंगव्याचा दात एका अर्थी चुलत भावंडं. याच गुणामुळे कारागिरांना हा पदार्थ इतका प्रिय होता. उकळत्या पाण्यात ठेवला की मऊ होतो, हवा तसा वाकवता येतो आणि थंड झाला की तसाच राहतो. दोन पातळ तुकडे स्वच्छ घासून, ओले करून, उष्णतेत दाबून धरले तर डिंकाशिवाय एकजीव होतात. सांधा दिसत नाही. जास्त तापला तर मात्र काळवंडतो आणि ठिसूळ होतो, त्यामुळे कारागिराची सगळी परीक्षा पाण्यातून कधी काढायचं इथेच.

रोमन लोकांना याचं वेड होतं. कवचाच्या पातळ पापुद्र्या कापून पलंगांना मढवायची रीत कार्व्हिलियस पोलिओ नावाच्या माणसानं पाडली असं प्लिनी या रोमन लेखकानं नोंदवलंय. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या काळात आंद्रे-शार्ल बूल (१६४२ ते १७३२) यानं पितळ आणि कवच यांच्या जडावकामाला स्वतःचं नावच मिळवून दिलं. तो पितळेचा आणि कवचाचा पत्रा एकावर एक ठेवून नक्षी दोन्हींतून एकदमच कापायचा. मग कवचाच्या जमिनीत पितळेची वेल आणि पितळेच्या जमिनीत कवचाची वेल, अशा दोन उलट्या जोड्या तयार व्हायच्या. खाली लाल रंग किंवा वर्ख दिला की कवच आतून पेटल्यासारखं दिसायचं.

समुद्रगाज

जुनंपुरं यांचा प्रतिसाद उत्तम आहे. वाचनखूण साठवली. पण शब्दपेटी, 'कासवाच्या कवचाचा' यात दोन चुका दडलेल्या आहेत. दोन्ही इंग्रजी शब्दातूनच आलेल्या.

पहिली. टॉर्टॉइज म्हणजे जमिनीवरचं कासव. या पदार्थाचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो येतो हॉक्सबिल या समुद्री कासवापासून. मराठीत जमिनीवरचं, तळ्यातलं, समुद्रातलं, सगळीच 'कासव', त्यामुळे आपल्याकडे ही चूक झाकून जाते.

दुसरी. कवच म्हणजे हाड. कासवाची पाठ त्याच्या फासळ्या आणि मणके जुळून बनलेली असते. टॉर्टॉइजशेल ते नव्हे. हाडावर केराटिनचे खवले असतात, ते हे. हॉक्सबिलच्या पाठीवर १३ मोठे खवले असतात, मधल्या रांगेत पाच आणि दोन बाजूंना चार-चार. काठानं २५ लहान. इतर समुद्री कासवांत खवले एकमेकांना टेकून असतात आणि पातळ असतात. हॉक्सबिलमध्ये ते जाड असतात आणि कौलांसारखे एकावर एक चढलेले. त्याच्या शास्त्रीय नावातला 'इम्ब्रिकाटा' हा शब्द कौलावरूनच आलाय.

या जाडीनंच त्या प्राण्याचा घात केला. एका मोठ्या कासवामागे हाती लागणारा माल साधारण किलोच्या आसपास. २०१९ मध्ये व्यापाराच्या जुन्या नोंदी तपासून एक अंदाज प्रसिद्ध झाला. १८४४ ते १९९२ या काळात सुमारे ९० लाख हॉक्सबिल मारली गेली. काही किनाऱ्यांवर तर जिवंत कासवाला आगीवर धरून खवले सुटे करत आणि ते पुन्हा उगवतील या समजुतीनं त्याला समुद्रात सोडून देत. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

१९७७ मध्ये ही सगळी जात साइट्स या, संकटातल्या जीवांच्या व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेली. म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. जपाननं मात्र या प्राण्याबाबत अपवाद मागून घेतला होता. तिथली आयात १९९२ च्या अखेरीस थांबली. आज हॉक्सबिल अतिसंकटग्रस्त आहे. म्हणून कथेतला कंगवा कोणत्या काळातला आहे हे जरूर पाहा. आजच्या काळातली कथा असेल तर तो नुसता त्या रंगाचा प्लॅस्टिकचा कंगवा असू शकतो. आज चष्म्याच्या फ्रेमला टॉर्टॉइजशेल म्हणतात तेव्हा ते बहुधा सेल्युलोज ॲसिटेट असतं, म्हणजे कापूस आणि लाकडाच्या लगद्यापासून केलेलं. त्यात कासव राहिलेलं नाही, फक्त त्याचा रंग राहिलाय.

शब्दपेटी

समुद्रगाज, हे वाचून मीही सुन्न झाले. कथा पहिल्या महायुद्धाच्या थोडी आधीची आहे आणि कंगवा बाईच्या आईचा आहे, म्हणजे खराच. आता तो शब्द लिहिताना हात थबकेल.

धातुपाठ

भाषेच्या अंगानं थोडं लिहितो.

चुकीच्या कासवाचं नाव देण्यात इंग्रजी एकटी नाही. जपानीत या पदार्थाला बेक्को म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ मऊ पाठीच्या, गोड्या पाण्यातल्या कासवाचं कवच. असं सांगितलं जातं की उंची वस्तूंवर बंदी आली तेव्हा व्यापाऱ्यांनी हॉक्सबिलच्या मालाला साध्या कासवाचं नाव देऊन तो विकला, आणि नाव चिकटलं.

आता तुमची तिन्ही रूपं इतर भाषा कशी हाताळतात ते पाहा. जर्मनमध्ये पदार्थ शिल्डपाट, मांजरही शिल्डपाट, पण फुलपाखराला म्हणतात 'छोटा कोल्हा'. त्यांना त्या विटकरी रंगात कोल्ह्याची कातडी दिसली. फ्रेंचमध्ये मांजर 'कासवाच्या खवल्याची' आणि फुलपाखरू नुसतं 'छोटं कासव'. तिथे 'खवला' हा शब्द काही वेगळ्याच पतंगांना दिलेला आहे. म्हणजे जर्मन भाषांतरकारालाही तुमच्यासारखंच अडायला होणार.

लॅटिनमध्ये कासवासाठी टेस्ट्यूडो. हाच शब्द कवचासाठी, तंतुवाद्यासाठी, घुमटी छतासाठी आणि ढाली डोक्यावर धरून पुढे सरकणाऱ्या सैन्याच्या तुकडीसाठी. ग्रीक कथेत हर्मीसनं पहिलं लायर कासवाच्या पाठीला तारा लावून केलं. आपल्याकडे सरस्वतीच्या वीणेचं नाव कच्छपी आहे, आणि सतारीचा एक प्रकार कच्छवा सतार म्हणून ओळखला जातो, त्याच्या चपट्या भोपळ्याच्या आकारावरून.

इथेच मला तुमच्या प्रश्नाची खरी गाठ दिसते. आपल्या भाषेतल्या कासवाला आकार आहे आणि स्वभाव आहे. कूर्मपृष्ठ म्हणजे मधे उंच आणि कडांना उतरतं. कूर्मगती म्हणजे संथ. इंद्रियं आवरून घेणाऱ्याला कासवाची उपमा, आणि नुसत्या नजरेनं पिल्लं वाढवणारी कासवी तर संतवाङ्मयात जागोजागी भेटते. पण रंग? कासवाचा रंग मराठीत कुणी कशाला उपमा म्हणून वापरलेला मला आठवत नाही. इंग्रजीत टॉर्टॉइजशेल हा मुळात रंगाचा शब्द होऊन बसलाय. म्हणून 'कासवपाठी मांजर' असं लिहिलंत तर मराठी वाचकाला ती सुस्त किंवा पाठीत बाक आलेली मांजर वाटेल. रंग त्याच्या मनातच येणार नाही.

रानवाट

धातुपाठ यांना +१.

एक जोडतो. फुलपाखराच्या पंखाला बोट लागलं की जी भुकटी येते ते खवलेच असतात. त्या गटालाच मराठीत खवलेपंखी म्हणतात. एकेक खवला साधारण एकाच रंगाचा असतो. नारिंगी खवल्यांच्या रांगेत काळे खवले बसवत बसवत नक्षी होते. (चंद्रकोरींचा निळा मात्र रंगद्रव्याचा नाही, तो खवल्याच्या रचनेतून परतणाऱ्या प्रकाशाचा आहे.)

जुनंपुरं यांचे रांगोळीचे कण, ऊनसावली यांचा काळ्यात मिसळलेला एकेक तांबूस केस, आणि हे खवले. तिन्हींत रंग सलग नाहीच. लांबून ढग, जवळून कण. शब्दपेटी, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये विचारलं होतं की या तिघांना बांधणारं काय. मला वाटतं हे.

भरतीओहोटी

धागा आवडला. छोटी भर. खडकाला चिकटणारी टोपीच्या आकाराची एक समुद्री गोगलगाय आहे, लिंपेट. तिच्याही एका जातीला टॉर्टॉइजशेल लिंपेट म्हणतात, शिंपल्यावरच्या तपकिरी ठिपक्यांमुळे. आणि चीनमध्ये शांग राजवटीच्या काळात कासवाच्या पोटाकडच्या कवचावर कौल लावत आणि त्यावर अक्षरं कोरत. चिनी लिपीचे सर्वांत जुने नमुने तेच. पण ते हाड, समुद्रगाज म्हणतात तो खवला नव्हे.

ऊनसावली

माझ्याकडे एक शब्द आहे. कबरा. गुराढोरांच्या, कोंबड्यांच्या रंगांत वर्षानुवर्षं वापरला जाणारा. कबरी मांजर म्हटलं की कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

धातुपाठ

शब्द अस्सल आहे. पण कबरा म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे काळं-पांढरं येतं. पहिल्या पानावर कंगव्याचं नीट वर्णन करून शब्दाला रंग चढवावा लागेल. एकदा चढला की पुढे तो टिकेल.

शब्दपेटी

ऊनसावली, मी काल रात्रीपासून हाच शब्द घेऊन बसले आहे आणि त्यात एक गोष्ट दिसली ती इंग्रजीतही नाही. कबरा कंगवा. कबरी मांजर. कबरं फुलपाखरू. एक शब्द आणि तिन्ही लिंगं.

मग मूळ कथा पुन्हा वाचली. शेवटच्या पानावर लेखिकेनं फुलपाखरू हा शब्द कुठेच लिहिलेला नाही. आधी दोन पानं मांजर खोलीत नाही, ते कुठे गेलं याचा बाई मनात विचार करतेय. म्हणजे वाचकाला क्षणभर मांजर वाटावं हे लेखिकेलाच हवं होतं. मी वाचताना जिथे फसले तिथे तिनं प्रत्येक वाचकाला आणून उभं केलंय. ती जागा मराठीत राखायची तर फुलपाखरू आणि मांजर दोघांचं लिंग एक असायला हवं. म्हणून मी पहिल्यापासून 'ते मांजर' करणार आहे, 'कबरं मांजर'.

ऊनसावली

मला 'ती' गेल्याचं वाईट वाटतं. त्या रंगात तिचं मादीपण आहे, पेशीभरताईंनी इतकं सुंदर समजावलंय. पण त्या शेवटच्या वाक्यासाठी ते सोडावं लागत असेल तर सोडा. फक्त एखाद्या जागी तिला पिल्लं झाली होती असं काही मुळात असेल तर ते गाळू नका.

शब्दपेटी

आहे! दुसऱ्या पानावर आहे, तिच्या आधीच्या विणीबद्दल. ठेवते.

आत्ता मसुदा असा आहे. पहिलं पान: 'आईचा कबरा कंगवा तिनं उजेडात धरला. कासवाच्या खवल्याचा, मधात काळपट ढग उतरावेत तसा.' चौथं पान: 'कबरं मांजर मांडीवर येऊन बसलं, तेच काळे ढग, तोच मध.' आणि शेवटी: 'पडद्याच्या घडीत झोपलेलं कबरं हललं. मग त्यानं पंख उघडले आणि ते उन्हात निघून गेलं.'

रानवाट

शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. एक लहानशी शंका. इतक्या महिन्यांच्या झोपेतून उठलेलं फुलपाखरू लगेच उडू शकत नाही. उडायचे स्नायू आधी तापावे लागतात. ते पंख पसरून उन्हात थोडा वेळ बसतं, जरा थरथरवतं, आणि मग जातं. मुळात 'पंख उघडले' आणि 'निघून गेलं' यांच्यामध्ये काही आहे का?

शब्दपेटी

आहे. एक आख्खं वाक्य आहे, मी ते बाईबद्दलचं समजून वर नेलं होतं. तिथे फक्त 'थांबलं' असं आहे. आता परत खाली आणते: 'मग त्यानं पंख उघडले. थोडा वेळ तसंच थांबलं. आणि उन्हात निघून गेलं.'